चपलेचं माप

नव्या चामड्याचा वास आला, की सत्तरच्या दशकातला नवी पेठेतला तो चपलांचा दुकानदार आठवतो. माझा सुजलेला पाय बघून तो सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला होता, "हत्तीच्या चपला आमी ठेवत न्हाय, बाई." पुढं दवाखान्यात डॉक्टरांनी बोटांच्या बेचक्यात निळं औषध टोचलं, त्यानं दिसू लागलेल्या पाणी वाहून नेणाऱ्या केसाएवढ्या रसवाहिनीत सुईनं औषध सोडून एक्स-रे फोटो काढले आणि पायातलं पाणी कुठं अडलंय ते बघून ऑपरेशन केलं. सूज उतरल्यावर मी त्याच दुकानात गेले. त्यानं ओळखलं नाही. त्याला पायाशी बसवून वीस जोड घालायला लावले आणि दरवेळी म्हटलं, "लई सैल होतीय, दुसरी दाखवा की." तो घामाघूम झाल्यावर उठले आणि दारातून सगळ्यांदेखत म्हणाले, "हत्तीण येऊन गेली म्हणून ध्यानात ठेवा." आता पाय परत सुजलाय, पण त्याचा तेव्हाचा पडलेला चेहरा आठवला, की अजून गार वाटतं.