समुद्राकडे निघालेली जीप

मी सहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात आमच्या घरी समुद्राला जायचं ठरलं. गावात तेव्हा टँकर दिवसाआड येत होता आणि विहिरीच्या तळाशी पोरं क्रिकेट खेळत होती. सलग दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. अशा दिवसांत समुद्राची सहल ही गोष्ट ऐकणाऱ्याला खोटी वाटली तर त्यात त्याचा दोष नव्हता. मलाही ती खोटीच वाटली होती.

आमचं गाव लोहाऱ्याजवळ. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती. दादा, म्हणजे आमचे वडील, गावच्या दूध संस्थेचे संचालक होते. हे ऐकायला मोठं वाटतं. मंडळात आमच्या लोकांसाठी एक जागा राखीव असायची, ती भरायला म्हणून दादांना घेतलं होतं. बैठक होऊन गेली की संस्थेचा शिपाई घरी यायचा आणि तो दाखवील तिथं दादा सही करायचे. काय ठरलं ते आम्हांला दुसऱ्या दिवशी डेरीवर कळायचं. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन मीच जायची. वस्तीतलं दूध सगळ्यांत शेवटी घ्यायचा रिवाज होता. कितीही लवकर गेलं तरी भिंतीला लागून उभं राहायचं, बाकीच्यांचं माप झालं की मग आपली किटली पुढं करायची.

एके दिवशी दुपारी अण्णा आमच्या घरी आले. सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणायचं. संस्थेचे ते उपाध्यक्ष, मोठे बागायतदार, दारात जीप. आमच्या वस्तीत ते कधी आले असतील तर मतं मागायला, तेही रस्त्यावर उभे राहून. त्या दिवशी ते सरळ आत आले आणि बाजेवर बसले. मायनं चुलीवर चहा टाकला, पण कप पुढं करावा का, म्हणून तिनं आधी दादांकडं बघितलं. आजवर त्यांच्या घरच्या कुणी आमच्या घरातलं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. अण्णांनी कप उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला. वर म्हणाले, “बरा झालाय.”

मग ते आमच्याकडं वळले. “पोरांनो, समुद्र बघितलाय का?”

आम्ही तिघं भावंडं दाराशी उभी होतो. धाकटा भाऊ म्हणाला, “पुस्तकात बघितलाय.”

अण्णा हसले. रत्नागिरीकडं समुद्राला लागून त्यांच्या पाहुण्यांचं घर होतं. उन्हाळ्यात ते रिकामंच असतं म्हणाले. जीप आंबे आणायला जाणारच आहे, तर दादांनी बायकापोरांना घेऊन जावं, आठ-दहा दिवस राहावं. “पोरांना सुट्टी हाय. दुष्काळात हितं बसून तरी काय करताव? तुमी आजवर आमच्याकडं कधी काही मागितलं न्हाय.”

दादा म्हणाले, “बघू की.” आणि मग लगेच म्हणाले, “जाऊ.”

अण्णा गेल्यावर माय कप विसळत बसली. एकच कप, पण तिनं तो राखेनं पुन्हा पुन्हा घासला. मला म्हणाली, “तुला काय ऐकू आलं का?”

“काय?”

“आज त्यानं तुझ्या दादाला ‘तुमी’ म्हणलं.”

मी ऐकलं होतं. पण समुद्राच्या नादात ते माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मायनं दाखवल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना.

तरी तयारी सुरू झालीच. भावानं शाळेच्या गुरुजींना गाठून नकाशा काढून घेतला. त्यात सोलापूर होतं, कोल्हापूर होतं आणि डाव्या कडेला निळ्या पेन्सिलीनं रंगवलेला समुद्र. तो कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला आणि वस्तीतल्या प्रत्येकाला दाखवला. लहान बहीण दुसरीत होती. तिनं विचारलं, “तिथं जाताना पाणी भरून न्यावं लागंल का?” शेजारची मावशी म्हणाली, समुद्राचं पाणी पिता येत नाही म्हणं, मग एवढं पाणी असून काय उपयोग, आणि ते बघायला फुकट जीप कोण देतंय? हे बोलून ती मायच्या तोंडाकडं बघत राहिली.

मायनं बाजरीच्या भाकरी वाळवल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, भावाच्या चड्डीला नवीन नाडी घातली. हातानं सगळं करत होती, पण तोंडानं प्रश्नच विचारायची. जीप नेमकी कोणत्या वारी निघणार? सोबत आणखी कोण आहे? परत कधी यायचं? पहिल्या प्रश्नाला दादांकडं उत्तर होतं, सोमवारी पहाटे. बाकीच्यांना ते “आसंल कुणीतरी”, “येऊ की” म्हणायचे आणि गोठ्याकडं निघून जायचे. दादा असे कधीच नव्हते. तुळजापूरला लग्नाला जायचं तरी परतीची एसटी आधी विचारून ठेवणारा माणूस.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी मी डेरीवर भिंतीला लागून उभी होते. पुढं दोघं-तिघं बोलत होते. मला बघून ते गप्प झाले. मग त्यांच्यातला एक, तेव्हाच्या अध्यक्षांच्या बाजूचा, मला म्हणाला, “काय गं, समुद्राला जायलाव म्हणं?”

“व्हय.”

“दादा बुधवारी परत येणार का?”

“बुधवारी काय हाय?”

दुसरा हसला. “बघ, पोरीला म्हाईत न्हाय. अध्यक्षाची निवड हाय की बुधवारी, अण्णाबी उभे हाईत. दोन्हीकडं सारखीच माणसं. तुझा दादा जिकडं, तिकडं खुर्ची. तो नसला तर चिठ्ठी टाकायची, अण्णाला तेवढं बास.” मग तो पहिल्याकडं वळून हळूच म्हणाला, पण मला ऐकू जाईल असं, “घेतलं आसंल काहीतरी. नुसत्या समुद्रावर कोण जातंय?”

मी रिकामी किटली घेऊन घरी आले. उन्हानं किटलीची कडी तापली होती, तरी ती मी हातात घट्ट धरून चालत होते. मला सारखं वाटत होतं, दादांनी खरंच काही घेतलंय का? घरात काही नवीन दिसतंय का, हे मी वासरू बांधायच्या दोरापर्यंत बघितलं. स्वतःच्या बापाकडं चोरून बघायची ती माझी पहिलीच वेळ. दादा नेहमीसारखेच गोठ्यात शेण भरत होते. पण मला त्यांचं गुणगुणणंसुद्धा मुद्दाम केल्यासारखं वाटलं.

मायला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि दादांना हाक मारली.

“बुधवारी निवड हाय म्हणं.”

दादा उंबऱ्यात बसले. “हाय.”

“ठाऊक होतं तुमाला?”

“नोटीस आली होती.”

“मग मला कामून सांगितलं न्हाय?”

दादा हाताला वाळलेलं शेण खरवडू लागले. मग म्हणाले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. “एवढी वर्षं झाली. सही करून घेतेत, पर बस म्हणत न्हाईत. आज पयल्यांदा माझी कुणाला गरज पडली. दोघंबी सारखेच हाईत. हा आला काय अन् तो आला काय, आपली किटली भिंतीलाच. मग पोरांना समुद्र तरी बघू दे.”

मायनं तव्यावरची भाकरी उलटली. “त्याला तुमचं मत पायजे आसतं तर त्यानं मत मागितलं आसतं. त्याला तुमी हितं नकोच हाव. एवढीच गरज हाय त्याला तुमची.”

दादा उठून बाहेर गेले. आम्हां पोरांना कुणी काही सांगितलं नाही, त्यामुळं भावाचा नकाशा खिशातच राहिला आणि पिशवी भरलेली राहिली.

सोमवारी जीप खरंच आली. तांबडं फुटत होतं. आम्ही तिघं धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसलेलो. दादा आदल्या दिवशीचीच बंडी घालून बाहेर आले. त्यांनी पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली. लहान बहिणीला उचलून आत बसवलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, “बायकापोरांना घेऊन जा. मी शुक्रवारी एसटीनं येतो मागून.”

ड्रायव्हर बाहेरगावचा, नवा माणूस होता. त्याला गावातलं राजकारण ठाऊक नसावं. तो सरळ बोलून गेला, “तसं जमणार न्हाय. अण्णांनी बजावून सांगितलंय. तुमी गाडीत बसल्याबिगर गाडी हलवायची न्हाय. पोरं न्हाय आली तर चालतंय म्हणले.”

मी दादांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांनी आधी मान हलवली, जणू एखादा हिशेब जुळला. मग बहिणीला खाली उतरवलं. तिला वाटलं, जागा बदलायचीय. तिनं दुसऱ्या बाजूनं पुन्हा चढायला पाय टाकला. दादांनी तिला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं पिशवी काढली. “जावा तुमी,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “अण्णांना सांगा, आमी बुधवारी गावातच हाव.”

जीप वळून गेली तेव्हा बहीण मोठ्यानं रडली. भाऊ रडला नाही. तो वस्तीच्या टोकापर्यंत जीपमागं चालत गेला आणि बराच वेळ आला नाही.

बुधवारी दादा पांढरा सदरा घालून संस्थेत गेले. त्यांना बोलवायला कुणी आलं नव्हतं. तिथं काय झालं ते त्यांनी घरी येऊन मायला सांगितलं, आणि मी ऐकलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, वस्तीचं दूध येईल त्या नंबरानं घेणार असं जो सगळ्यांसमोर म्हणेल, त्याला माझं मत. अण्णा म्हणाले, हा विषय आजच्या बैठकीत नाही. अध्यक्ष जरा थांबून “घेऊ” म्हणाले. दादांनी हात वर केला.

त्यानंतर आमची किटली रांगेत लागली. काहींनी तोंडं वाकडी केली, काही दिवस दोन-चार घरांनी दूध घालायचं बंद केलं, मग पुन्हा सुरू केलं. पण दादांवरचा संशय गेला नाही. अण्णांची माणसं म्हणायची, दुसऱ्या बाजूनं जास्त दिलं असेल. अध्यक्षांच्या माणसांना वाटायचं, जीप दारात आली म्हणजे आधी बोलणी झालीच होती. आमच्या वस्तीतसुद्धा एकजण म्हणालाच, “तुझ्या बापानं नुसत्या किटलीवर हात वर केला व्हय?” पुढच्या वेळी राखीव जागेवर दुसऱ्याला घेतलं. दादांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. मला मात्र राहून राहून वाटायचं, ड्रायव्हर तसं बोलला नसता, जीप आम्हांला घेऊन निघाली असती, तर दादा बुधवारी काय करणार होते? शुक्रवारी येतो म्हणाले होते, म्हणजे मत द्यायला थांबणारच होते. मी स्वतःला हे सांगायची आणि मला ते पटायचं. मग चार दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. त्यांना विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

दोन वर्षांनी, पाऊस बरा झाल्यावर, दादांनी आम्हांला एसटीनं समुद्राला नेलं. लोहारा, सोलापूर, कोल्हापूर, मग घाट. लहान बहीण घाटात सारखी ओकत होती. पोचलो तेव्हा दुपार होती. वाळू इतकी तापलेली की आम्ही चपला हातात घ्यायच्याऐवजी पायातच ठेवल्या. समोर तेवढं पाणी बघून भाऊ लाटेच्या ओल्या रेघेपर्यंत पळत गेला. दादा थोडे मागं, नारळाच्या झाडाखाली पिशव्यांपाशी बसले.

माय मात्र पुढं जाईना. काठावर एक बाई मासळी वाळत घालत होती. माय तिच्याजवळ गेली आणि डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, “बाई, हितं पाण्यात उतरायला कुणाला इचारावं लागतं का?”

त्या बाईला प्रश्न कळला नाही. मायनं पुन्हा विचारला. मग ती म्हणाली, “कुणाला कशाला? जावा की. फक्त त्या खडकांकडं जाऊ नका, तिकडं पाण्याला ओढ हाय.”

मायनं खडक कुठले ते नीट विचारून घेतलं. मग तिनं बहिणीचा हात धरला, लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं, आणि आम्ही खडकांपासून लांब, डाव्या बाजूनं पाण्यात शिरलो.