कॉम्प्युटर बंद किया?

मुलीचा लॅपटॉप तापला की त्याच्या प्लास्टिकचा वास येतो आणि मी चंदीगडच्या आमच्या सरकारी ऑफिसात जाऊन पोचते. पंजाबात दहशतवादाचे दिवस होते. ऑफिसात पहिलाच कॉम्प्युटर आला होता आणि गुरमीतजी तो चालवायचे. "मॅडमजी, रोज बंद करने से खराब होता है, चलने दो," असं ते म्हणायचे. मी मात्र नियमावर बोट ठेवायची.

एका दुपारी कर्फ्यू लागणार अशी बातमी आली आणि सगळे धावतच जिना उतरले. गुरमीतजी माझ्या पुढेच होते.

"कॉम्प्युटर बंद किया?" मी सवयीनं विचारलं.

ते हसून मागे वळले. "अभी करके आता हूँ जी. आप निकलो."

मी ऑफिसच्या जीपमधून सेक्टर बावीसला घरी पोचले. त्यांची नेहमीची बस चुकली, त्यांना मागची मिळाली. वाटेत तिच्यावर गोळीबार झाला आणि गुरमीतजी गेले.

तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. मीही तेच धरून बसले. आता वाटतं, एक दिवस कॉम्प्युटर चालू राहिला असता तर काय बिघडलं असतं?

चार दिवसांनी ऑफिस उघडलं. कॉम्प्युटर बंद होता. त्यावरचं कापडी कव्हर चारही कोपऱ्यांनी नीट ओढून घातलेलं होतं. त्यांनी जराही घाई केली नव्हती.