झाडून ठेवलेली जागा

मी जात्याच काळजीखोर. सगळं सुरळीत चाललेलं असतानाही काहीतरी बिनसणार, अशी धाकधूक मला कायम लागलेली असते. अशा माणसाला प्रभूने अहेरीपलीकडच्या जंगलात, मोजक्या घरांची ख्रिस्ती मंडळी सांभाळायला का पाठवलं असेल, हे कोडं मला सुटत नव्हतं. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. नगरकडच्या उघड्या माळावर वाढलेला मी. इथे झाडीमुळे आभाळ दिसत नसे आणि लोक आपसात गोंडी बोलू लागले की एक अक्षर कळत नसे. माझ्या लेखी तो परदेशच होता. माझ्याआधीचे दोन्ही सुवार्तिक उन्हाळ्यातच परत गेले होते. मंडळी टिकत नाही, असं त्यांनी चांद्याच्या पाळकसाहेबांना सांगितलं होतं. साहेबांनी मला बजावलं होतं की, पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, दुसऱ्या दिवशी मी स्वतः येईन. मंडळी दिसली तर ठीक, नाहीतर प्रार्थनाघराला कुलूप लावू.

पावसाळा आणि हिवाळा बरा गेला. वडशाहून आणलेला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा प्रार्थनाघरापुढे टांगला होता. तीच आमची घंटा. रविवारी ती वाजवली की लोक यायचे. रैनूबाई नावाची म्हातारी सगळ्यांत पुढे बसायची. गीताची एक ओळ ती नेहमी नको तिथे लांबवायची आणि कितीही शिकवलं तरी सोडायची नाही. मीही मग नाद सोडला.

उन्हाळा लागला आणि मला हिवतापाने धरलं. अंथरुणातून उठवेना, त्यामुळे घंटा नाही की उपासना नाही. पण दुखलं ते वेगळंच. विचारपूस करायला एकही माणूस फिरकला नाही. मी कशीबशी पेज शिजवून प्यायचो आणि भिंतीकडे तोंड करून पडायचो. माझं काय चुकलं असेल, हा एकच विचार डोक्यात असायचा. सण जवळ येत होता आणि साहेबांना काय तोंड दाखवू, या भीतीने ताप नसतानाही अंगाला कापरं भरायचं.

सणाच्या पहाटे मी भिंतीला धरून उठलो आणि हात दुखेपर्यंत घंटा वाजवली. उजाडलं, ऊन वर आलं, पण कोणी आलं नाही. गावात फिरून पाहिलं तर दारं दोरीने बांधलेली, चुली थंड, कुत्रीसुद्धा नाहीत. याच सकाळी येशूची रिकामी कबर पाहून तिथे गेलेल्या स्त्रिया घाबरल्या होत्या, हे मी लोकांना किती सहज सांगत असे. मी तिथेच खाली बसलो आणि म्हणालो, “प्रभू, मला जमलं नाही. तुझी माणसं आहेत, आता तूच बघ.” मग झोळी उचलली. साहेबांना अहेरीतच गाठून, पुढे येण्याचे कष्ट घेऊ नका, असं सांगायचं ठरवलं.

अशक्तपणामुळे डोकं गरगरत होतं. गाडीवाट जिथे फुटते तिथे मी भलतीच वाट धरली, आणि बरंच पुढे गेल्यावर ते लक्षात आलं. तेवढ्यात समोर धूर दिसला. मला वाटलं, वणवाच. मागे वळणार तोच गाणं कानावर आलं. मीच शिकवलेलं गीत होतं, आणि ती एक ओळ नको तिथे लांबवलेली होती.

धूर वणव्याचा नव्हता. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्याचा तो धूर. सगळी मंडळी पोराबाळांसकट आणि कुत्र्यांसकट तिथे होती. मोह पहाटे गळतो, आणि वेचायला उशीर झाला तर जनावरं खाऊन जातात. म्हणून त्या दिवसांत सगळं गाव झाडांखालीच राहायला जातं. कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला भेटायचं त्याने झाडापाशी यावं, अशी रीत. ही गोष्ट कोणाला सांगावी लागेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मला वाटलं, तुम्ही मला सोडून गेलात, असं मी म्हणालो. रैनूबाईने टोपली खाली ठेवली.

“आमी कुठी जातो, गुरुजी? मोहा पडला का गुरुजी लोकच जाते. घंटा बंद झाली तं वाटलं, तुमीबी गेले. आज आयकू आली, म्हून गानं धरलं.”

मग ती मला एका मोठ्या मोहाखाली घेऊन गेली. तिथे पालापाचोळा नव्हता. जमीन शेणाने सारवलेली होती आणि मधोमध बसायला एक सपाट दगड मांडला होता. ही जागा कोणाची, असं मी विचारलं.

“गुरुजीची. दरसाल झाडून ठेवतो. कोनी येत नाई.”

मी त्या दगडावर बसून सगळ्यांदेखत रडलो. त्यांनी मला रडू दिलं. मग तिथेच उपासना झाली. मधूनमधून अंगावर मोह पडत होता. दुसऱ्या दिवशी साहेब आले, त्यांनाही मी तिथेच नेलं. त्यांनी माणसं पाहिली, तो दगड पाहिला आणि कुलपाचा विषय काढलाच नाही.

मी वाट चुकलो की मला कोणी आणलं, यावर मी वाद घालत नाही. मंडळी मी सांभाळतो आहे, या काळजीने मी झुरत होतो. आणि मी येण्याच्या किती आधीपासून ती मंडळीच माझ्यासाठी जागा सारवत होती. त्यानंतर काळजी सुटली असं नाही, स्वभाव कुठे जातो? पण ती आता मी रोज सकाळी प्रभूच्या हवाली करतो आणि कामाला लागतो. पुढच्या वर्षी मोहाला फुलं धरू लागली तेव्हा मी रुळाचा तो तुकडा सोडला, खांद्यावर घेतला आणि सगळ्यांच्या आधी जाऊन त्या झाडाला टांगला.