मामांचा लंडन-राउंड

लंडन पाहिलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण लंडन तपासलेला माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे. लेस्टरच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काढलेल्या या गृहस्थांनी पुणे, सातारा, सांगली, नाशिक आणि आणखी कुठून कुठून आलेल्या नातेवाइकांना, नातेवाइकांच्या शेजाऱ्यांना आणि शेजाऱ्यांच्या व्याह्यांना शनिवार-रविवारात लंडन दाखवण्याचं जणू व्रतच घेतलं होतं. दोनच दिवस, कारण सोमवारी सकाळी त्यांची ऑपरेशनची लिस्ट असे. पुढे ते निवृत्त झाले, सोमवार मोकळा झाला, तरी लंडनला तिसरा दिवस काही मिळाला नाही. "दोन दिवसांच्या वर गेलं, तर समजायचं कॉम्प्लिकेशन झालंय," असं ते म्हणत.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती नव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मी ब्रिस्टलला विमानांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लागलो होतो आणि लग्न होऊन तीन महिने झाले होते. नव्या जावयाला मामेसासऱ्यांकडे जेवायला जाणं भागच होतं. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी लेस्टरला पोचलो, श्रीखंड-पुरी हाणली, आणि पान खाता खाता मामांनी जाहीर केलं, "जावईबापू, आता उद्या लंडनमध्ये पोचेपर्यंत निल बाय माउथ." मला वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. ऑपरेशनच्या आधी पेशंटने पोटात काही घ्यायचं नसतं, तसं लंडनच्या आधी पाहुण्यानेही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही, हा त्यांच्या घरातला कायदा होता. कारण एकदा पाहुणा चहा प्याला की एमवनच्या हमरस्त्यावर गाडी थांबवावी लागते, आणि एकदा गाडी थांबली की बिग बेनपासून टॉवरपर्यंत सगळी लिस्ट कोलमडते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी मला हळूच स्वयंपाकघरात बोलावलं आणि अर्धा कप चहा हातात ठेवला. "घ्या पटकन, ते दाढी करताहेत तोवर. माझा भाऊ एकदा ऐकून राहिला होता, त्याला ट्रॅफल्गार स्क्वेअरमध्ये घेरी आली." मामी स्वतः तिसऱ्या वर्षीच या फेऱ्यांतून राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या होत्या. त्या फक्त तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा देत आणि दारातून हात हलवत.

गाडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाचा केसपेपर तयार होई. नाव, वय, शुगर आहे का, गुडघे कसे आहेत, जिने किती चढता येतात, आणि शेवटी 'तक्रार' नावाचा रकाना. त्या रकान्यात पाहुण्याने आपल्याला काय बघायचंय ते सांगायचं. एका मावशींच्या नावापुढे त्यांनी लिहिलेलं मी वाचलं आहे: "तक्रार: राणी दिसावी. उपाय नाही. राजवाड्यावर भागवावे." माझ्या बायकोने मामाला लाडीगोडी लावून आपल्या केसपेपरात 'खरेदी' घालायला सांगितलं, तर ते म्हणाले, "ती तक्रार नाही, ते अ‍ॅडिक्शन आहे. त्याचा विभाग वेगळा."

गाडी लंडनच्या उत्तर टोकाच्या ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनपाशी ठेवली की मामांचा राउंड सुरू. मोठा डॉक्टर वॉर्डातून फिरतो तसे ते पुढे आणि आम्ही मागे. प्रत्येक स्थळाशी पाच मिनिटं उभं राहायचं, त्यांनी इतिहास सांगायचा, सध्याची प्रकृती सांगायची, आणि "एनी क्वेश्चन्स?" असं विचारून कोणी तोंड उघडायच्या आत "नेक्स्ट!" म्हणायचं. मी वेस्टमिन्स्टर पुलावर कठड्याला जरा टेकलो, तर त्यांनी मला दरडावलं, "जावईबापू, पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं." राजवाड्यासमोर पहारा बदलण्याचा तो जगप्रसिद्ध सोहळा चालू होता, हजारभर माणसं माना उंचावून बघत होती. मामा घड्याळाकडे बघत म्हणाले, "हा काय, हँडओव्हर आहे. नाइटवाले डेवाल्यांना चार्ज देताहेत. आमच्याकडे दहा मिनिटांत उरकायचा. बँड लावून बसल्यावर पाऊण तास लागणारच!" शेजारची एक गोरी बाई त्यांच्या हातवाऱ्यांवरून त्यांना सरकारी गाइड समजली आणि निमूटपणे आमच्या मागून दोन स्थळं फिरली. मामांनी तिचाही केसपेपर करायला घेतला होता. "गुडघे चांगले आहेत हो हिचे," असं कौतुकाने म्हणालेही.

लंडनचा त्यांचा भूगोल हा सर्वस्वी स्वच्छतागृहांचा भूगोल होता. कुठलं फुकट, कुठलं स्वच्छ, कुठे बायकांची रांग लांब, हे त्यांना तोंडपाठ. एका भल्या मोठ्या चित्रांच्या गॅलरीत आम्ही गेलो ते तळघरातल्या अशाच एका सोयीसाठी. आत शिरताना ते म्हणाले, "जाताना डावीकडची चित्रं बघून घ्या, येताना उजवीकडची. थांबू नका, मागचे पेशंट खोळंबतात." खरं सांगतो, पाश्चात्त्य चित्रकलेविषयी माझं जे काही ज्ञान आहे ते त्या सात मिनिटांतलं आहे. रविवारी संध्याकाळी पाय सुजलेले, डोकं गरगरतंय, अशा अवस्थेत आम्ही गाडीत कोसळलो, तेव्हा त्यांनी आरशातून आमच्याकडे बघून समाधानाने मान हलवली. त्यांच्या मते पाहुणा झोपी गेला म्हणजे काम नीट झालं.

या सगळ्या खटाटोपामागचं कारण मला मामींकडून कळलं. सत्तरच्या दशकात मामा पहिल्यांदा या देशात आले ते एका शुक्रवारी. मुलाखत सोमवारी होती, ओळखीचं कोणी नव्हतं. दोन दिवस हातात पेटी घेऊन ते एकटेच लंडनभर चालले. बिग बेन बघितलं, टॉवर बघितला, राजवाडा बघितला, पण "अगं, हे बघ!" असं म्हणायला शेजारी माणूस नव्हता. मामी म्हणाल्या, "तेव्हाची भूक आहे ती. ती अजून भागवताहेत." मला त्यांच्या निल बाय माउथचा राग आला होता, तो त्या दिवशी निघून गेला.

पुढे पाच-सहा वर्षांत दोन गोष्टी झाल्या. मामांचे दोन्ही गुडघे गेले, आणि पाहुणेही गेले. नव्या पिढीची भाचरं भारतातूनच कंप्युटरवर सगळं बुक करून येऊ लागली, टूर कंपनीच्या बसमधून लंडन बघून परस्पर पॅरिसला जाऊ लागली, आणि विमानतळावरून फोन करून "मामा, यू टेक केअर हं" म्हणू लागली. सबंध एक वर्ष एकही केसपेपर निघाला नाही. अशात माझे आई-बाबा सांगलीहून तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आले. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. ओढ्यानाल्यांवरचे पंचवीस-तीस लहान पूल त्यांनी बांधून घेतले असतील. कधीतरी तरुणपणी त्यांनी एका मासिकात टॉवर ब्रिजचं चित्र बघितलं होतं. जहाज आलं की मधोमध दुभंगून वर उचलला जाणारा पूल त्यांच्या मनात जो बसला तो बसलाच. जाण्याआधीचा शेवटचा शनिवार-रविवार लंडनसाठी ठेवला होता. त्या दोन दिवसांत तो पूल एकदाच उघडणार होता, शनिवारी दुपारी चार वाजता. मी हॉटेल बुक केलं आणि मामांना मुद्दामच काही सांगितलं नाही. त्यांना चालवत नव्हतं, मामींनीही बजावलं होतं.

पण आपल्या रीतीभातींना कोण आवरणार! लेकाच्या सासरचं वडीलधारं माणूस याच देशात आहे म्हटल्यावर बाबांनी परभारे लेस्टरला फोन लावला. "नमस्कार व्याही! शनिवारी लंडनला निघालोय. म्हटलं, कानावर घालावं." मग मामा म्हणाले, "हो का? छान, छान. बुकिंग वगैरे झालं असेल." त्या दिवशी रात्री ते जेवले नाहीत, असं मामींनी माझ्या बायकोला कळवलं. सकाळी मी फोन केला आणि सरळ म्हणालो, "मामा, बाबांना लंडन तुम्ही दाखवायचंय." ते म्हणाले, "केसपेपर करावा लागेल," आणि लगेच फोनवरच बाबांना प्रश्न विचारायला बसले. शेवटच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं तेही वाचून दाखवलं: "तक्रार: उघडणारा पूल बघणे. कालावधी: चाळीस वर्षे. अर्जंट."

शनिवारी त्यांच्या मुलीने त्यांना गाडीने आणून सोडलं. हातात काठी, गळ्यात मफलर, आवाज तोच. बिग बेनपाशी पाच मिनिटं, "नेक्स्ट!" पहाऱ्यावरच्या घोडेस्वारांपाशी पाच मिनिटं, "नेक्स्ट!" राजवाड्यासमोरच्या बागेत आल्यावर मात्र ते एका बाकावर बसले. "पाच मिनिटं. मग गाठू पूल." आई आणि माझी बायको राजवाड्याच्या कुंपणापाशी फोटो काढायला गेल्या. पाचाची पंधरा मिनिटं झाली, पंधराची चाळीस. तीन वाजता त्यांनी बाकाचा दांडा धरून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. त्यांचा चेहरा बघवेना. इतक्या वर्षांत त्यांची लिस्ट कधी अपुरी राहिली नव्हती, आणि आता ती बाबांच्या एकुलत्या एका तक्रारीपाशी अडली होती. मी म्हणणार होतो, मामा, तुम्ही बसा, मी बाबांना टॅक्सीने नेऊन आणतो. तेवढ्यात मामाच खालच्या आवाजात म्हणाले, "व्याही, चारला पूल आहे. तुम्ही दोघं निघा."

बाबा रोज पहाटे सांगलीहून हरिपूरपर्यंत चालत जाऊन परत येणारे गृहस्थ. त्यांनी सरळ दोन्ही पाय लांब केले आणि बाकाला पाठ टेकली. "अहो, कसला पूल घेऊन बसलात! माझे पायच उचलत नाहीत. तुमच्यासारखी ताकद नाही हो आमच्यात. इथे बरं वाटतंय, हे पक्षी बघत बसू." समोर तळ्याकाठी दोन पेलिकन पंख वाळवत उभे होते.

मामांच्या अंगात एकदम पहिलं वारं आलं. "मग आधी सांगायचं नाही का? अजिबात उठायचं नाही. जावईबापू, यांना पाणी द्या. नाही, घाईने नाही, घोट घोट." आणि मग त्यांनी त्या बाकावरूनच बाबांना लंडन दाखवायला घेतलं. काठी उचलून, "त्या झाडांच्या मागे नदी. तिथून उजवीकडे वळली की..." असं करत करत टॉवरपर्यंत आले. दोन तळहात जोडून ते हळूहळू वर उचलत पूल कसा उघडतो ते दाखवलं. बाबा विचारत होते, तोलासाठी वजन किती, यंत्र कशावर चालतं, पूर्वी वाफ होती तिथे आता काय आहे. मामा सगळ्याची उत्तरं देत होते. त्यांनी रात्रभर वाचून तयारी केली होती. मी घड्याळात बघितलं तर बाबांनी माझ्या पायावर पाय दिला. चार वाजून गेले. जन्मात पहिल्यांदाच मामांनी "एनी क्वेश्चन्स?" म्हटल्यावर कोणाला तरी सगळे प्रश्न विचारू दिले होते.

आई-बाबा परत गेल्यावर पंधरा दिवसांनी मामांचा फोन आला. हवापाणी झालं, मग ते म्हणाले, "जावईबापू, तुमचे वडील त्या दिवशी दमले नव्हते." मी काही बोलायच्या आत तेच पुढे म्हणाले, "अहो, माणूस खरंच गळालाय की सोंग करतोय, हे मला कळणार नाही? जन्म गेला त्यात."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? चाळीस वर्षं मनात धरलेला पूल एका माणसाने माझ्यासाठी सोडला. मी ओळखलं असं दाखवलं असतं, तर तेही फुकट गेलं असतं." मग म्हणाले, "त्यांना पुन्हा बोलवा. मला हवं तर त्या बाकावर सोडून द्या, पण त्यांना पुलापाशी न्या."

तेव्हापासून दर वर्षी बोलावतो आहे. पण आता बाबांनाही जिने चढवत नाहीत, आणि इतक्या लांबचं विमान नको म्हणतात. सांगलीत मात्र येईल त्याला सांगतात, "लंडन बघावं तर आमच्या व्याह्यांबरोबर." दर रविवारी दोघांचा फोन असतो. बाबा विचारतात, "गुडघे कसे आहेत?" मामा म्हणतात, "फर्स्टक्लास! तुमचे?" बाबा म्हणतात, "हरिपूरला जाऊन आलो सकाळीच." मामींनी नुकतीच मामांना खुर्चीतून हाताला धरून उठवलेलं असतं, आणि बाबा महिनाभरात फाटकाबाहेर पडलेले नसतात. दोघांनाही एकमेकांचं सगळं ठाऊक आहे. तरी "या मग पुढच्या वर्षी," असं मामा म्हणतात, आणि "येतो की," असं बाबा म्हणतात.