पिवळा पालक आणि सातवी बदली

रसायनशास्त्राची बाई मी. नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीपायी चार शाळा सोडल्या. सातव्या बदलीला चंदीगडला आलो, तेव्हा पन्नाशीच्या बाईला कोण घेणार? मग सेक्टर २२च्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर पाइप आणि टब मांडले आणि मातीशिवाय, नुसत्या खतपाण्यावर पालक लावला. हे त्याला माझा टाइमपास म्हणायचे. माझं स्वतःचं म्हणावं असं घरात तेवढंच होतं.

महिन्याभरात कोवळी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. मला वाटलं, उपाशी आहेत बिचारी. पाहुणा पुरे म्हणाला तरी ताटात पोळी टाकणारी माणसं आपण. मी खत वाढवलं. पानांच्या कडा करपल्या. आणखी चार दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला आणि पाण्याचा पीएच मोजला. आठ! इथलं नळाचं पाणी जड. अशा पाण्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. वर्षानुवर्षं पोरांकडून आम्ल-आम्लारी घोकून घेतलं आणि स्वतःच्या टबात मीटर बुडवायचं सुचलं नाही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

"कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या रेहडीवर ताजा पालक मिळतो. उचल हा पसारा," हे म्हणाले.

"मम्मी, छोड़ो ना यार," लेकीने री ओढली.

माझं टाळकंच सरकलं. अर्धं खतपाणी ओतून दिलं, साधं पाणी भरलं. मगभर पाण्यात थोडं आम्ल मिसळून जरा जरा टाकत पीएच सहावर आणला. सकाळी पाहिलं तर पुन्हा सात. पुन्हा उतरवला. रोज सकाळी चहाच्या आधी हेच. पिवळी पानं काही फारशी सुधारली नाहीत, पण आतून नवी फुटली ती हिरवीगार.

नेमकी तेव्हाच बदलीची ऑर्डर आली. "आता तरी आवर," हे म्हणाले.

प्रत्येक बदलीला पहिलं खोकं मीच भरलं होतं.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "लेकीची परीक्षा आणि माझं पीक झालं की येऊ. घर गच्चीवालं बघा. आणि तिथलं नळाचं पाणी बाटलीत भरून पाठवा. ते मोजल्याशिवाय मी यायची नाही."

यांना वाटलं, चेष्टा करतेय. जाताना बनियन कुठल्या कपाटात असतात ते विचारून घेतलं आणि बॅग स्वतः भरली.

काल यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ बाटली देऊन गेले. झाकणाला सेलोटेपचे चार वेढे. पाणी साडेसात निघालं, म्हणजे इथल्यापेक्षा बरं. यांचा फोन आला, "मग कधी येतेस?"

म्हटलं, "पालक अजून दोनदा कापायचाय."