उज्वलाचं दोन दिवसांचं पुणं

उज्वलाला राग आला की ती भांडी आपटत नाही, पोरांना धपाटे घालत नाही, रडत तर नाहीच नाही. ती गप्प बसते आणि कपड्यांच्या घड्या घालत सुटते. धुतलेले, न धुतलेले, कुणाचे का असेनात, दिसला कपडा की घाल घडी. त्या मंगळवारी संध्याकाळी कपिल कामावरून घरी आला तर पलंगावर कमरेएवढा ढीग, आणि सगळ्यांत वर त्याचा चार दिवसांपूर्वी हरवलेला रुमाल. तो दारातच थबकला. आपण काय केलं, हे त्याला कळेना. आणि उज्वलाचं दुखणं तेच होतं, की ह्या माणसाला कळतच नाही!

आता मुळापासून सांगायला हवं. खोपोलीजवळ साजगावच्या एका कारखान्यात उज्वला पॅकिंगला आहे. बाटल्यांची झाकणं मोजून पिशव्यांत भरायची, आठ तास, उभ्यानं. बाई ठेकेदाराकडची, म्हणजे गुरुवारची सुट्टी सोडली तर घरी बसली तो दिवस खाडा, आणि खाडे जास्त झाले तर उद्यापासून येऊ नको. नऊ वर्षांत तिने जे काही खाडे केले ते दिराच्या लग्नाला, आजेसासऱ्यांच्या मयताला, पोरांच्या तापाला नि सासूबाईंच्या मोतीबिंदूला. स्वतःसाठी म्हणाल तर एक नाही. एक! आणि वर घरात बोलायची सोय नाही, कारण बोललं की 'मग काय झालं, घरचंच तर होतं.'

बरं, बाई हुशार किती! माहेर कशेळ्याकडचं, बारावीपर्यंत शिकलेली. वस्तीवर कुणालाही कुठे जायचं असलं की एसटीची वेळ उज्वलाला विचारायची. सहा डिसेंबरला सगळी वस्ती बाबासाहेबांना अभिवादन करायला दादरला निघते, तेव्हा भाकऱ्या किती, पाणी किती, पोरांना कुठं बसवायचं, सगळं तिच्याकडे. प्रत्येक पोराच्या मनगटावर ती पेनानं मोबाईल नंबर लिहिते. एवढ्या गर्दीत आजवर वस्तीचं एक पोर हरवलं नाही. सगळ्या जगाचे प्रवास हिनं आखायचे, आणि हिचा स्वतःचा प्रवास म्हणजे वस्ती ते कारखाना, शेअर रिक्षातून, मांडीवर डबा घेऊन.

तर ह्या उज्वलानं ह्या वर्षी ठरवलं, पोरांना पुणं दाखवायचं. जागृती सात वर्षांची, साईराज चार वर्षांचा. जागृतीनं मोबाईलवर पुण्याची मेट्रो पाहिली होती, जमिनीखालून जाणारी, आणि तेव्हापासून तिचा एकच प्रश्न, "मम्मी, वरची माती खाली पडत नाय का गं?" उज्वलाला सांगता येईना, कारण तीही कधी बसली नव्हती. चार वेळा पुण्याला गेली होती ती. म्हणजे पुण्याला कसली, पिंपरीला, नणंदेच्या घरी. चारही वेळा एसटीतून उतरली ती थेट ओट्यापाशी. पन्नास माणसांच्या पोळ्या, बारशाच्या घुगऱ्या, गाडाभर भांडी. पुण्यातलं काय पाहिलंस म्हणून कुणी विचारलं असतं, तर नळ पाहिला, असं सांगावं लागलं असतं.

म्हणून तिनं नीट आखलं. गुरुवारची सुट्टी, त्याला जोडून शुक्रवारचा एक खाडा. सुपरवायझरच्या दोन महिने मागे लागून तो मिळवलेला. बुधवारी कात्रजचं प्राणिसंग्रहालय बंद असतं, हे तिनं आधीच शोधून ठेवलेलं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, जागृतीला अर्धं, साईराजला नाहीच. पुरं तिकीट एकट्या कपिलला. "सगळ्यांत महाग सामान तुमीच हाय," असं ती त्याला हसून म्हणालीसुद्धा होती. पहिल्या दिवशी मेट्रो आणि पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे पोरांची छोटी आगगाडी, दुसऱ्या दिवशी वाघ नि साप. जेवणाला घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. आणि रात्रीला स्वारगेटजवळ एक लॉज. साधाच, पण खोलीला कडी आहे का, गरम पाणी किती वाजता येतं, चादरी धुतलेल्या असतात का, हे सगळं तिनं जेवणाच्या सुट्टीत तीनदा फोन करून विचारलं. तिसऱ्यांदा तो मालक म्हणाला, "ताई, तुम्ही या तर खरं, नवीन चादर विकत आणतो."

खोलीसाठी ती एवढी अडून का बसली होती? कारण त्या खोलीत तिला कुणी उठवणार नव्हतं. सकाळी सहाला चहा कुणी मागणार नव्हतं. नऊ वर्षांत एक सकाळ तिला अशी हवी होती, बस्स.

आणि कपिलनं काय केलं? ह्या शहाण्यानं मंगळवारी दुपारी भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'जय भीम. गुरुवारी फॅमिलीसोबत पुण्याला जात आहे. स्वारगेटजवळ एखादा स्वस्त लॉज कुणाला माहीत असेल तर सांगा.'

भावकीच्या ग्रुपवर! अहो, ज्याची सख्खी बहीण पिंपरीत राहते, त्या माणसानं पुण्यात लॉज विचारायचा म्हणजे बहीणभावाचं फाटलं असं ताशे वाजवून सांगायचं. आपल्याकडे एवढं शेंबड्या पोराला कळतं. पंधरा मिनिटांत पेणहून चुलत्याचा फोन, "काय रं, झालं काय तुमचं?" पनवेलच्या आत्येनं तर रडणारे चेहरे टाकले. आणि पिंपरीहून ताईचा फोन आला तो हुंदक्यानंच सुरू झाला. "मी मेले का रं कपिल? माझं घर असताना तू पोरांना लॉजवर निजवणार?"

झालं. कपिल विरघळला. त्यानं तिथल्या तिथं शब्द दिला, ताई, तुझ्याकडेच उतरतो, दोन्ही दिवस. लॉजवाल्याला नको म्हणून कळवलं. आणि मग उज्वलाला फोन करून मोठ्या खुशीत सांगितलं, "अगं, लॉजचे पैसे वाचले!"

उज्वला घड्या घालत होती त्या ह्या कारणानं.

"काय झालं पण?" कपिलनं बूट काढता काढता विचारलं. "ताईकडं राहू, तिथून मेट्रोनं जाऊ. मेट्रो तर तिच्या दारात हाय."

"चार वेळा दारातच होती," उज्वला म्हणाली.

"तेव्हा कार्यक्रम होते गं. ह्या वेळेला काय नाय. फक्त शुक्रवारी दाजींच्या कंपनीतली चार माणसं जेवायला हायेत. ताई म्हणाली, उज्वला आली तर हाताला हात होईल."

उज्वलाच्या हातातला शर्ट तसाच राहिला. हाताला हात! दोन महिने सुपरवायझरची मनधरणी करून मिळवलेला तो शुक्रवार, आणि तो दाजींच्या कंपनीतल्या माणसांना कोंबडी वाढण्यात घालवायचा! "माझा खाडा मी तुमच्या दाजींच्या साहेबांसाठी नाय मागितला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की पलीकडच्या घरातला टीव्ही बंद झाला. "मी माझ्या पोरांसाठी मागितला. आणि माझ्यासाठी. माझ्यासाठी, कळतंय का? लॉजवाल्याला मी सांगितलंय, खोली ठेव. तुमी नको म्हणालात, मी हो म्हणाले. आता कुठं राहायचं ते तुमचं तुमी ठरवा."

"असं कसं? ताईला काय वाटंल?"

"मला काय वाटतं ते कधी विचारलं?"

कपिल मारणारा, पिणारा, ओरडणारा नाही तो. साधा माणूस आहे. पण साध्या माणसाचा ताप फार वाईट. तो सगळ्यांना हो म्हणतो आणि त्या प्रत्येक 'हो'ची किंमत एकट्या बायकोनं भरायची. त्यापेक्षा भांडकुदळ नवरा बरा, निदान बाहेरच्यांशीही भांडतो.

बुधवारी सासूबाईंनी तोंड घातलं. मालनबाईंचं बोलणं गोड. "उज्वला, जाऊन ये गं, पण लेकीचं मन मोडू नको. तीबी एकटीच हाय तिकडं." असं म्हणून त्यांनी पाच किलो तांदूळ, वालाची पिशवी आणि सुकटीचा डबा बांधून दाराशी ठेवला. म्हणजे निकालच लावून टाकला. हे गाठोडं घेऊन काय फुलराणीत बसायचं? उज्वलानं घरातल्या सगळ्या चादरी काढल्या आणि त्यांच्या घड्या परत घातल्या.

गुरुवारी सकाळी खोपोलीहून पुण्याची एसटी मिळाली, जागाही मिळाली. तिकिटं उज्वलानं काढली. जागृती आणि साईराज खिडकीशी, दोघांच्या मनगटांवर पेनानं नंबर. कपड्यांची बॅग उज्वलाच्या मांडीवर आणि गाठोडं कपिलच्या पायांत. घाट चढून गेला, लोणावळा मागे पडलं. कपिल गोडीगुलाबीनं बोलत होता. "तासभरच थांबू गं. चहा पिऊ, तांदूळ देऊ, निघू." उज्वलाला तो तास पाठ होता. त्या तासात चहा होतो, मग पोहे होतात, मग 'आता जेवूनच जा' होतं, मग पदर खोचला जातो.

"पिंपरीवाले, चला पुढं या!" कंडक्टर ओरडला.

कपिल उठला, गाठोडं खांद्यावर मारलं, वाट काढत दारापाशी गेला नि खाली उतरला. वळून बघतो तर मागे कुणी नाही. उज्वला जागेवर बसलेली, एक हात जागृतीवर, एक साईराजवर.

"अगं उतर ना!"

"तुमी जावा बहिणीकडं. आमचं तिकीट स्वारगेटचं हाय."

कंडक्टर दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागला. "बाई, उतरताय का नाय? सरकारी गाडी हाय, घरची नाय."

"नाय उतरत. मारा बेल."

त्यानं मारली बेल. मागच्या काचेतून कपिल दिसला, खांद्यावर तांदूळ, हातात सुकटीचा डबा, तोंड उघडं. साईराजनं त्याला टाटा केला. उज्वला धास्तावली होती हे खरं. लग्नाला नऊ वर्षं झाली, नवऱ्याला असं रस्त्यात सोडून ती कधी गेली नव्हती. पण राग त्याहून मोठा होता, आणि त्या रागानंच तिला स्वारगेटपर्यंत ताठ बसवून नेलं.

स्वारगेटला उतरून पोरांना पाणी पाजते तोच फोन वाजला. ताई. उज्वलानं मनात सगळी वाक्यं तयार केली, चांगली धारेची, नऊ वर्षांची साठलेली, आणि फोन उचलला.

"जय भीम, उज्वला," ताई म्हणाली. रडत नव्हती. "कपिल आलाय. एकटाच. सांगितलं त्यानं."

"ताई, मी आता परत येणार नाय. तुमाला राग आला तरी. मला पोरांना मेट्रो दाखवायचीय, मला पण बघायचीय. मी तुमच्या घरी चार वेळा आले, चारही वेळा—"

"माहीत हाय मला," ताई म्हणाली. "कशी हाय गं मेट्रो? आत थंड असतं ना?"

"आँ?"

"खिडकीतून दिसते मला रोज. सुरू झाली तेव्हा हे म्हणाले होते, नेतो एकदा. मग पाव्हणे आले. मग परत पाव्हणे आले. सोळा वर्षं झाली मला इथं येऊन, मी बाजार आणि दवाखाना सोडून कुठं गेले नाय. तू यायचीस तेव्हा बरं वाटायचं, ओट्याशी दोघी असायचो. म्हणून बोलवायची मी तुला."

उज्वला फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. तयार केलेली वाक्यं तोंडात होती, आणि ती आता कुणाला मारायची ते कळेना. मग जो राग आला तो आधीच्या दुप्पट होता, पण ताईवर नव्हता.

"ताई, गॅस बंद करा," ती म्हणाली.

"आता? अगं, भात टाकलाय."

"तुमचा भाऊ बसलाय ना तिथं? तो उतरवंल. तुमी पिंपरीत बसायचं, शेवटचं स्टेशन स्वारगेट, कुठं बदलायची गरज नाय. मी वर जिन्यापाशी उभी राहते."

"थांब, ह्यांना कामावर फोन करून विचारते."

"काय विचारायचं नाय!" उज्वला एवढ्यानं ओरडली की पाणी विकणारा दचकला. "सोळा वर्षं विचारलंत ना? बास झालं! पर्स घ्या आणि निघा!"

पलीकडे मागून कपिलचा आवाज आला, काय म्हणते गं, असा. फोन तोंडाशी अगदी जवळ धरून, शाळेतल्या पोरीसारखं हळूच ताईनं विचारलं, "उज्वला, मेट्रोत कुठली साडी नेसून जातात गं?"