पाटावरची बंदूक

सासऱ्यांची बारा बोअरची बंदूक आमच्या कोल्हापूरच्या घरात कपड्यांच्या कपाटावर असायची. आजऱ्याकडच्या काजूच्या बागेत रानडुकरं येतात म्हणून त्यांनी तरुणपणी रीतसर परवाना काढला होता. पुढं बाग विकली, बंदूक राहिली. घरात माझ्या दोन लहान मुली होत्या. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, असं मी वर्षभर त्यांना सांगत होते.

त्या खंडेनवमीला त्यांनी नेहमीसारखी ती पुसून पाटावर मांडली, वर झेंडूचा हार घातला. भावकी जमली होती. चहा देताना मी पुन्हा तोच विषय काढला.

"चाळीस वर्षं हाय घरात. कुणाला खरचटलं तरी का?" ते म्हणाले.

"आबा, तुमच्या हातात कपबशी वाजती. बंदूक काय धरणार?"

"सूनबाईनंच बार काढला की!" त्यांचे चुलतभाऊ म्हणाले आणि सगळे हसले. आबांनी कप खाली ठेवला.

दसरा झाल्यावर त्यांनी स्वतः जाऊन बंदूक जमा केली, परवानाही परत दिला.

बंदुकीबाबत माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. हाताचं मात्र त्यांच्या खोलीत, दार लोटून बोलायला हवं होतं. त्यानंतर ते चार वर्षं जगले. मी चहा नेला की म्हणायचे, "ठेव तितं, निवू दे." मी बाहेर पडेपर्यंत ते कपाला हात लावत नसत.